खाडीकाठी घराचा पाया घालताना: बोअरपासून जोत्यापर्यंत

कोपरखैरण्यातलं आमचं रो-हाऊस पाडून त्याच जागी तळमजला अधिक दोन मजले असं घर बांधायला घेतलं आहे. घर पूर्ण व्हायला अजून वेळ लागेल, पण जोत्यापर्यंतचं काम जून 2024 मध्ये संपलं. मी बँकेत नोकरी करते, बांधकामाशी माझा आधी काहीही संबंध नव्हता. फरशी कुठली, किचन ओटा कसा, यावर सल्ला द्यायला नात्यातले वीस जण होते. पायाबद्दल विचारलं की "ते इंजिनिअर बघतो" यापलीकडे कुणी जात नव्हतं. इंजिनिअरने बघायचंच आहे, पण पैसे आपले आणि पाया एकदा मातीखाली गेला की परत दिसत नाही. त्यामुळे हा टप्पा सविस्तर लिहिते आहे.

जुन्या घराची फरशी मागच्या खोलीत खचलेली होती. गोटी सोडली तर आपोआप मोरीकडे जायची. कॉलमच्या कोपऱ्यांचं प्लास्टर सुटून गंजलेल्या सळया दिसायला लागल्या होत्या. ऑक्टोबर 2023 मध्ये आम्ही तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले. तिघांनीही प्लॉटवर पाच-दहा मिनिटं उभं राहून सांगितलं: पाच बाय पाचची फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा चौकोनी पाया), पाच फूट खोल, या लाइनीत सगळ्यांना हेच केलंय. पायाचे पावणेचार लाख. जमिनीखाली काय आहे हे एकानेही विचारलं नाही.

त्याच सुमारास ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी माझ्या मामेभावाचं घर चाललं होतं. त्याला मीटरभर खणल्यावर काळा खडक लागला. खडकावर सुटी फुटिंग बसवून तो आठवड्यात मोकळा झाला, पायाचा खर्चही आमच्या कोटेशनपेक्षा कमी. मला वाटलं, आपलंही तसंच. तोच म्हणाला, "ताई, तुमच्याकडे पारसिकचा डोंगर समोर दिसतो म्हणून खाली खडक असेलच असं नाही. तुमचा सेक्टर खाडीच्या बाजूचा आहे." त्याच्याच ओळखीने स्ट्रक्चरल इंजिनिअर मिळाले. फोनवर त्यांचा पहिलाच प्रश्न: "बोअर घेतलंत का?"

बोअर म्हणजे पाण्याची बोअरवेल नव्हे, मातीची तपासणी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ती करून घेतली. एक भोक पुढच्या अंगणात, एक मागे. जीएसटी धरून 52 हजार रुपये. एवढ्याशा प्लॉटला दोन भोकं कशाला, असं घरात बरंच बोलणं झालं. पण रिपोर्टात सगळ्यात महत्त्वाचं काही निघालं असेल तर ते या दोन भोकांतला फरक.

काम बघण्यासारखं असतं, त्या दिवशी रजा टाका. तीन पायांची लोखंडी घोडी उभी करतात, तिला दोर आणि वजन. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून पडू देतात आणि खालची नळी मातीत 30 सेंटीमीटर जायला किती ठोके लागतात ते मोजतात. आधीचे 15 सेंटीमीटर हिशेबात धरत नाहीत, कारण तिथली माती भोक पाडताना हललेली असते. या ठोक्यांच्या आकड्याला एन व्हॅल्यू म्हणतात. आमच्या भरावाखालच्या काळ्या चिकणमातीत पाच-सहा ठोक्यांत नळी खाली. मुरमात अठ्ठावीस. खडकाला लागल्यावर पन्नास ठोके झाले तरी नळी हलेना, मग तिथून कोअर कापून काढला. ते गोल दगडी तुकडे एका लांब पेटीत खोलीप्रमाणे मांडून ठेवतात. वरचे पिवळट, हाताने चुरा होणारे, खालचे गर्द राखाडी बसाल्टचे. या पेटीचा फोटो तारखेसह काढून ठेवा. आमचा कॉन्ट्रॅक्टर नंतर "दोन मीटरवर मुरूम लागेल" म्हणाला तेव्हा तो फोटो कामी आला.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. पुढच्या भोकात दीड मीटर भराव, मग 3.2 मीटरपर्यंत खाडीचा काळा गाळ, त्याखाली मुरूम, पाच मीटरवर खडक. मागच्या भोकात भराव तेवढाच, पण गाळ 4.1 मीटरपर्यंत आणि खडक साडेसहा मीटरवर. म्हणजे मागची बाजू जास्त मऊ गादीवर होती, आणि गोटी मोरीकडे का जायची त्याचं उत्तर इथे होतं. पाणी 1.4 मीटरवर, तेही नोव्हेंबरात. पाण्यात क्लोराइड बरंच निघालं. दीड मीटर खोलीवर सुरक्षित भारवहन क्षमता, ज्याला सगळे एसबीसी म्हणतात, चौरस मीटरला 6 टन.

पुढचा हिशेब इंजिनिअर सरांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर, विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूला करून दाखवला. तो इथे देते, कारण मला पाया कळला तो त्या कागदावर.

घराची जागा 5 मीटर बाय 9 मीटर, म्हणजे 45 चौरस मीटर. भिंती, स्लॅब, माणसं, सामान धरून एका मजल्याचे ढोबळ 1.2 टन चौरस मीटरला. तळमजला, दोन मजले आणि गच्ची असे चार थर. 45 गुणिले 4 गुणिले 1.2 म्हणजे 216 टन. कॉलम आठ. एका कॉलमवर सरासरी 27 टन. जमीन चौरस मीटरला 6 टन पेलते, म्हणून एका फुटिंगला साडेचार चौरस मीटर जागा हवी. बाजू 2.1 मीटरच्या थोडी वर, म्हणजे सात फूट. कॉन्ट्रॅक्टरचं पाच बाय पाच तिथेच निकालात निघालं. आठ फुटिंगचे मिळून 36 चौरस मीटर, आणि आपल्याकडे आहेत सगळे 45. फुटिंगनी निम्म्याहून जास्त जागा खाल्ली तर सुटी फुटिंग सोडून पूर्ण घराखाली एकसंध काँक्रीटची लादी, म्हणजे राफ्ट, घालावी असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे.

दुसरं कारण रो-हाऊसवाल्यांनी लक्षात ठेवावं. आपले कॉलम प्लॉटच्या हद्दीला चिकटून असतात. फुटिंग शेजाऱ्याच्या जमिनीत नेता येत नाही, त्यामुळे कॉलम फुटिंगच्या मधोमध न येता कडेला येतो आणि फुटिंग एका बाजूने कलायला बघते. दोन समोरासमोरची फुटिंग बीमने जोडून हे सावरता येतं, त्याला स्ट्रॅप म्हणतात. आमच्याकडे जागाच उरत नसल्याने राफ्टवर शिक्कामोर्तब झालं.

मी विचारलं, मुरमापर्यंत खणूनच टाकलं तर? चार मीटर खोल खड्डा, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती आणि दीड मीटरवर पाणी. सरांनी फक्त माझ्याकडे बघितलं. पाइलचं, म्हणजे खोलवर काँक्रीटचे खांब उतरवायचं मशिन आमच्या गल्लीत शिरत नाही आणि तीन मजल्यांना तो खर्च परवडतही नाही. राफ्टचा दाब किती? 216 भागिले 45 म्हणजे 4.8 टन. त्यात राफ्टचं वजन आणि वरची भरणी मिळवायची, खणून काढलेल्या मातीचं वजन वजा करायचं. आकडा पाचच्या थोडा वर आला, सहाच्या आत. घर थोडं बसणार हे सरांनी आधीच सांगून टाकलं. गाळावरचं प्रत्येक घर बसतं. सगळं सारखं बसलं तर दाराखिडक्यांना कळतही नाही. एक कोपरा जास्त बसला की भेगा पडतात, आणि पुढे-मागे गाळाची जाडी वेगळी असताना सुटी फुटिंग नेमकं तेच करतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. आमची जमीन सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे भाडेपट्ट्याचा करार, हस्तांतराचे कागद आणि सिडकोचं ना हरकत पत्र फाइलला लागलं. बांधकाम परवानगी महापालिकेची, अर्ज ऑनलाइन आणि तो आर्किटेक्टच्या लॉगिनमधूनच जातो. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं जबाबदारीपत्र, मालमत्ता कराची पावती, पाणीपट्टीची पावती. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर भरावा लागला. जानेवारीच्या मध्याला अर्ज गेला, एकदा नकाशात मागच्या मोकळ्या जागेच्या मापावर त्रुटी निघाली, ती दुरुस्त करून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात प्रारंभ प्रमाणपत्र हातात आलं. त्याची मुदत एक वर्ष, पुढे नूतनीकरण. आईवडिलांच्या नावातलं स्पेलिंग भाडेपट्ट्यात आणि आधारवर वेगळं असेल तर ते सगळ्यात आधी सोडवा. आमचा महिना त्यातच गेला, आणि तो या हिशेबात मी धरलेला नाही.

पाडकामाआधी एक गोष्ट केली, तिचा फायदा आजही होतो आहे. दोन्ही शेजाऱ्यांच्या घरात जाऊन, त्यांच्यासमोर, प्रत्येक भिंतीचे फोटो काढले. असलेल्या भेगांच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख घातली. दोन मोठ्या भेगांवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पातळ पट्टी चिकटवली. भेग हलली तर काच तडकते. डावीकडचे काका निवृत्त शिक्षक. आधी जरा तुटक बोलत होते, पट्टी लावल्यावर रोज सकाळी तीच बघायचे आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर "काच शाबूत" एवढाच मेसेज टाकायचे. एप्रिलभर माझा दिवस त्या दोन शब्दांनी सुरू व्हायचा.

गुढीपाडव्याला, 9 एप्रिलला, भूमिपूजन केलं. सासूबाईंना तांब्या आणि पंचधातू ईशान्येला पुरायचे होते. सरांनी हरकत घेतली नाही, फक्त राफ्टच्या कडेबाहेर, अंगणाच्या कोपऱ्यात पुरा म्हणाले. तसंच केलं.

खोदाई पट्ट्यापट्ट्याने केली. सगळा खड्डा एकदम उघडला तर शेजारच्यांच्या पायाला बाजूचा आधार राहत नाही. म्हणून एक पट्टा खणायचा, डबर सोलिंग (मोठ्या दगडांचा ठोकून बसवलेला थर) आणि त्यावर पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) टाकायची, मधला सोडून पुढचा घ्यायचा, मग मधला. वेळ जास्त लागतो आणि मुकादम कुरकुरतो. करारात हे आधी लिहून घेतलं नसतं तर जेसीबी आणून एका दिवसात खड्डा झाला असता, असं तोच म्हणाला. गाळ दिसायला तुळतुळीत काळा, वासाला कुजलेल्या शेवाळासारखा. त्यात शिंपल्यांचे तुकडे निघाले. नऊ इंची डबर त्यात ठोकताना पहिला थर चक्क गिळला गेला, दुसऱ्या थराला धुम्मस (दगड ठोकायचं वजन) उडायला लागला तेव्हा सर समाधानी झाले. जादा डबराचे 14 हजार.

पाण्यासाठी खड्ड्याच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटा खोल डबका करून दोन पंप लावले. मुकादम इथल्याच गावातला आगरी माणूस. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशीच म्हणाला, "उद्या पुनव, उधाणाचा पानी चरंल, तिसरा पंप ठेवा." 23 एप्रिलला खरंच पाणी वाढलं. खाडीजवळ खोदाई असेल तर कॅलेंडरवर अमावास्या-पौर्णिमा बघून तळाचं काम लावा. पंपाचं भाडं आणि डिझेल मिळून 27 हजार गेले. महावितरणचं तात्पुरतं मीटर वेळेत मिळालं असतं तर यातले थोडे वाचले असते, अर्ज आम्हीच मार्चअखेर टाकला होता.

आता सळई. राफ्टला 12 मिलिमीटरची जाळी, दोन्ही दिशांना 150 मिलिमीटरवर, खाली एक आणि वर एक. वरची जाळी चालताना दबून खाली बसू नये म्हणून मधे सळईच्या चेअर. तळाला 75 मिलिमीटरचे काँक्रीटचे कव्हर ब्लॉक. दगडाचे किंवा फरशीचे तुकडे खाली सारू देऊ नका, खारं पाणी तिथूनच सळईपर्यंत पोचतं. वजन तपासायचं सोपं सूत्र आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचे किलो. 12 मिलिमीटरला 0.89, बारा मीटरची सळई पावणेअकरा किलोच्या आसपास. मी टेम्पोतली एक सळई काट्यावर ठेवायला लावली. फिटर हसले, पण दुसऱ्या दिवशी मुकादमच मला सांगायला आला की आज आलेला माल त्याने स्वतः तोलला. एकूण 2.1 टन लागलं, किलोला 63 रुपये अधिक जीएसटी.

कॉलमच्या सळया राफ्टच्या खालच्या जाळीपर्यंत जाऊन तिथे एलसारख्या वळल्या आहेत का, ते टेप लावून फोटो काढा. आठही कॉलमचे फोटो माझ्याकडे आहेत.

काँक्रीट 27 एप्रिलला, शनिवारी. एम 35, म्हणजे 28 दिवसांनी चौरस मिलिमीटरला 35 न्यूटन ताकदीचं, आणि तेही स्लॅग सिमेंटचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेल्या सिमेंटचं. तीन मजल्यांना एम 35 हे ऐकून कॉन्ट्रॅक्टरने कपाळाला हात लावला. पण आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, काँक्रीटचा ग्रेड फक्त भारावर ठरत नाही. ते कशात पुरलंय यावरही ठरतो. क्लोराइडच्या पाण्यात पुरलेल्या काँक्रीटला किमान ग्रेड, किमान सिमेंट आणि पाण्याचं कमाल प्रमाण वेगळं आहे. आमच्या बाबतीत घनमीटरला 340 किलो सिमेंट आणि पाणी सिमेंटच्या 0.45 पटीच्या वर नाही. जुन्या घराच्या गंजक्या सळया डोळ्यांसमोर असल्याने मला हे पटवावं लागलं नाही.

मिक्सरची गाडी गल्लीत शिरेना, म्हणून मुख्य रस्त्यावर पंप लावून पाइप टाकला. पंपाचे 18 हजार. 21 घनमीटर माल, चार गाड्या, साडेसात वाजता सुरुवात. प्रत्येक गाडीचं चलन हातात घ्यायचं. त्यावर प्लांटवर माल भरल्याची वेळ असते, तिथून दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी. तिसरी गाडी ट्रॅफिकमुळे दीड तासाने पोचली आणि पंपवाला म्हणाला, माल घट्ट आहे, थोडं पाणी मारू. सरांनी पाण्याचा पाइप सरळ बाजूला काढून ठेवला. स्लम्पचा शंकू भरला, उचलला, काँक्रीट किती खाली बसलं ते पट्टीने मोजलं. प्लांटच्या माणसाने स्वतःचं रसायन मापाने घातलं, ड्रम फिरवला, परत मोजलं, मग माल सोडला. पंधरा-वीस मिनिटांचा खोळंबा झाला आणि मला घाम फुटला. मधे फार वेळ गेला तर आधीचा थर घट्ट होऊन सांधा राहतो, तेही सरांनीच सांगितलं होतं. काँक्रीट हलवून घट्ट बसवायला दोन व्हायब्रेटर ठेवले होते, त्यातला एक दहा वाजता बंद पडला. दोन ठेवायचे ते यासाठीच.

21 घनमीटरला तीन नमुने घ्यावे लागतात, प्रत्येकाचे तीन क्यूब, 15 सेंटीमीटरचे, 28 दिवसांनी तोडायला. सात दिवसांच्या अंदाजासाठी आणखी तीन. क्यूबवर तारीख आणि गाडीचा नंबर आपल्यासमोर घालून घ्या.

4 मेला सात दिवसांचा निकाल आला: 23. मी 35 ची वाट बघत होते. रात्री झोप लागली नाही, नवरा म्हणाला, सरांना सकाळपर्यंत तरी राहू दे. सकाळी कळलं, स्लॅग सिमेंट सावकाश ताकद धरतं, सातव्या दिवशी एवढं असतंच. 25 मेला 28 दिवसांचे निकाल आले, सगळे 41 ते 44 च्या मधे. क्युरिंगला चौदा दिवस राफ्टवर विटांच्या पाळी करून पाणी साठवलं. स्लॅग सिमेंटला दहापेक्षा कमी चालत नाही आणि एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. हे पाणी नळाचंच वापरा, खड्ड्यातलं खारं पाणी अजिबात नाही. टँकरचे सहा हजार.

13 मेच्या धुळीच्या वादळात शेजारच्या साइटचे पत्रे आमच्या सळयांवर येऊन आदळले, नुकसान काही झालं नाही. मग कॉलम जोत्यापर्यंत, जोत्याचे बीम, मुरमाची भरणी. भरणी थर टाकून, पाणी मारून, रोलरने दाबून घेतली, वाळवीचं औषध मारलं. 20 मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, सगळे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर, त्यामुळे जोत्याची तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. नकाशाप्रमाणे बाह्य मापं आणि मोकळ्या जागा टेपने मोजल्या. जोत्याचा दाखला मिळाल्याशिवाय वरचं काम सुरू करता येत नाही. 9 जूनला मुंबईत मान्सून दाखल झाला, तोवर आम्ही खड्ड्यातून वर आलो होतो.

जोत्यापर्यंतचा एकूण खर्च जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसकट साडेआठ लाखांच्या घरात गेला. इंजिनिअरची फी आणि माती तपासणी यात धरलेली नाही. पावणेचार लाखांच्या कोटेशनशी तुलना करून घरात अजून बोललं जातं. काकांच्या काचपट्ट्या शाबूत आहेत.

टाकीचं तेवढं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाते. वरच्या मजल्यांचं वजन येईपर्यंत ती भरून ठेवायची आहे. दर रविवारी झाकण उघडून पातळी बघते, पहिला स्लॅब ऑगस्टमध्ये पडेल.